तीन मीटरची गल्ली सिम्युलेशनमध्ये हरवते तेव्हा

पुनर्विकासाची बातमी आली की तिच्यासोबत दोन प्रकारची चित्रं फोनवर येतात. पहिलं ओळखीचं: काचेचे टॉवर, हिरवळ, सायकलवरची मुलं, आणि मुंबईत क्वचितच दिसतं तसं निळंशार आकाश. दुसरं चित्र अलीकडे जास्त दिसायला लागलंय. वरून पाहिलेल्या इमारती, त्यांच्यामधून वळसे घेत जाणारे बाण, आणि निळ्यापासून लालपर्यंतचे रंग. खाली लिहिलेलं असतं ‘विंड ॲनालिसिस’ किंवा ‘सीएफडी स्टडी’. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी ते टाकतं आणि लिहितं, बघा, हवा खेळती राहणार आहे, कॉम्प्युटरने सिद्ध केलंय.

पहिल्या चित्रावर आपण फार विश्वास ठेवत नाही. दुसऱ्यावर ठेवतो, कारण त्यात गणित असतं. गणित असतं हे खरंच. पण ते गणित ज्या इमारतींवर केलं, त्या इमारती आणि तुम्ही राहायला जाल त्या इमारती एकच आहेत का? मी लिहितो त्या सॉफ्टवेअरचं काम नेमकं याच टप्प्यावरचं आहे. आर्किटेक्टकडून किंवा डिझायनरकडून आलेली कॅड फाइल आयात करायची, तिच्यातली मोडतोड शोधायची आणि ती हवेच्या सिम्युलेशनच्या लायक करायची. या कामाचं कौतुक कुणी करत नाही आणि अहवालात त्याला एक ओळ मिळते: ‘भूमिती स्वच्छ करून घेतली.’ त्या एका ओळीत काय काय लपतं, ते आज सांगतो.

वांद्र्याला हा विषय का महत्त्वाचा?

कारण मुंबईतल्या लाखो लोकांनी कसल्या घरात राहायचं, याचे निर्णय वांद्रे पूर्वेत होतात. कलानगरला म्हाडाचं गृहनिर्माण भवन, तिथून जवळच झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण म्हणजे एसआरए, आणि पुढे बीकेसीत एमएमआरडीए. मे २०२५ मध्ये ज्या धारावीच्या मास्टर प्लॅनला मुख्यमंत्र्यांनी मंजुरी दिली, ती धारावी बीकेसीच्या पलीकडे, मिठी ओलांडली की सुरू होते.

आणि इमारतींमधली हवा हा आपल्याकडे ऐषारामाचा प्रश्न नाही. गोवंडी-मानखुर्दच्या एम पूर्व वॉर्डात तीन पुनर्वसन वसाहतींचा एक अभ्यास झाला होता: नटवर पारेख कंपाऊंड, लल्लूभाई कंपाऊंड आणि पीएमजी कॉलनी. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांनी तो केला, पैसा एमएमआरडीएच्याच पर्यावरण सुधारणा सोसायटीचा होता. निष्कर्ष २०१८ मध्ये बातम्यांत आले आणि पुढे शोधनिबंधही आला. चार हजारांवर घरांच्या पाहणीत दिसलं की पहिल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचं प्रमाण तिसरीच्या कितीतरी पट आहे. पहिल्या दोन ठिकाणी इमारती एकमेकींना खेटून, मधलं अंतर जेमतेम ३ मीटर. खालच्या मजल्यांवर ना ऊन, ना वारा. अशा अभ्यासातून ‘इमारतीमुळेच टीबी झाला’ असं थेट म्हणता येत नाही, संबंध दाखवता येतो. पण टीबी हवेतून पसरतो आणि कोंडलेल्या खोलीत तो जास्त पसरतो, यात वैद्यकशास्त्राला शंका नाही.

तर ३ मीटर हा आकडा लक्षात ठेवा. तो पुढे परत येणार आहे.

वारा कॉम्प्युटरमध्ये कसा वाहतो

सीएफडी म्हणजे प्रवाहाचं संगणकीय गणित. इमारतींभोवतालची हवा लाखो छोट्या डब्यांत कापतात. प्रत्येक डब्यात वेग किती, दाब किती, हे समीकरणांनी काढतात आणि शेजारच्या डब्यांशी हिशेब जुळवत जातात. या डब्यांच्या जाळीला मेश म्हणतात. मेश बनवायची तर कॉम्प्युटरला प्रत्येक ठिकाणी एक साधा प्रश्न सोडवता आला पाहिजे: हा बिंदू हवेत आहे की भिंतीत?

माणसाला हा प्रश्न हास्यास्पद वाटतो. पण फाइलमध्ये भिंत नसतेच. असतात ते पृष्ठभाग, कागदाच्या तुकड्यांसारखे, जाडी शून्य. ते तुकडे कडेला कडा लावून नीट शिवलेले असतील, तरच आत आणि बाहेर असं काही ठरतं. एकही शिवण उसवली तर हवा भिंतीच्या आत शिरते, म्हणजे शब्दशः शिरते. मेश बनवणारा प्रोग्राम भिंतीच्या पोटातही डबे भरतो, कधी अख्खी इमारत हवेने भरून टाकतो. म्हणून आमच्याकडे ‘वॉटरटाइट’ हा शब्द वापरतात. पाणी ओतलं तर गळता कामा नये. त्रिकोणांच्या भाषेत नियम सोपा आहे: प्रत्येक कडेला बरोबर दोन त्रिकोण चिकटलेले हवेत. एकच असेल तर तिथे भोक आहे. तीन असतील तर काहीतरी अनाठायी चिकटलंय.

हे काम किती वेळखाऊ आहे? थॉमस ह्यूजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एका गाजलेल्या शोधनिबंधात अंदाज दिला होता की मोटार, विमान आणि जहाज उद्योगांत विश्लेषणाचा सुमारे ८० टक्के वेळ भूमिती तयार करण्यात आणि मेशिंगमध्ये जातो. तेव्हापासून साधनं पुष्कळ सुधारली, पण रडगाणं तेच आहे.

फाइल आयात केली की काय मोडतं

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकू. फाइल खराब असते ती ड्राफ्ट्समन निष्काळजी होता म्हणून, असं दरवेळी नसतं. काही मोडतोड गणितातच आहे. कॅडमध्ये वक्र पृष्ठभाग एकमेकांना छेदतात तेव्हा छेदाची रेषा अचूक लिहायची म्हटली, तर नेहमीच्या तिसऱ्या घाताच्या दोन पृष्ठभागांसाठी ती ३२४ घाताची निघते. इतकी अवजड रेषा कुणी साठवत नाही. प्रत्येक कॅड सॉफ्टवेअर तिची जवळपासची आवृत्ती ठेवतं आणि स्वतःपुरतं ठरवतं की इतक्या सूक्ष्म फटीकडे आपण काणाडोळा करू. या काणाडोळ्याच्या मापाला टॉलरन्स म्हणतात. एका सॉफ्टवेअरचं माप ढिलं, दुसऱ्याचं कडक. पहिल्यात जोडलेली दिसणारी शिवण दुसऱ्यात उघडी पडते. फाइल आयजीईएस असो किंवा स्टेप, हा वाद मिटत नाही.

इमारतींच्या बाबतीत मात्र वक्र पृष्ठभाग कमी आणि इतर गोंधळ जास्त. आर्किटेक्टचं मॉडेल दिसण्यासाठी किंवा नकाशे काढण्यासाठी बनलेलं असतं. छज्जा म्हणजे एकच कागद. गॅलरीचा कठडा म्हणजे एक रेघ. दोन मजल्यांचे स्लॅब एकमेकांत घुसलेले. एकाच जागी दोन भिंती, कारण कुणीतरी कॉपी-पेस्ट केलं. खोलीत सोफा, सोफ्यावर उशी, उशीवर हजारो त्रिकोण (हे खरंच येतं, आणि उशीचे त्रिकोण पूर्ण इमारतीपेक्षा जास्त असतात).

एसटीएल फाइल हा तर वेगळाच नमुना. थ्रीडी प्रिंटिंग केलं असेल तर ती तुम्ही वापरली असेल. १९८० च्या दशकात थ्रीडी सिस्टिम्स या कंपनीने ती आणली. तिच्यात फक्त त्रिकोणांची यादी असते. कोणता त्रिकोण कुणाचा शेजारी, हे लिहिलेलं नसतं. एकक मीटर की मिलिमीटर, तेही नसतं. त्यामुळे ६० मीटरची इमारत आयात केल्यावर ६० हजार मीटर उंच होणं ही रोजची गोष्ट आहे. ही चूक निदान लगेच दिसते.

न दिसणारी चूक सांगतो, आणि ती खास आपल्या शहराची आहे. शहराचा भाग मॉडेल करताना इमारती नकाशावरच्या खऱ्या जागी ठेवतात. त्यासाठी मुंबईत वापरायची यूटीएम पद्धत विषुववृत्तापासूनचं अंतर मीटरमध्ये मोजते. वांद्र्यासाठी ते साधारण २१ लाख ८ हजार मीटर भरतं. बायनरी एसटीएल प्रत्येक आकडा ३२ बिटांत ठेवते. इतक्या मोठ्या आकड्यासाठी ३२ बिटांत फार बारकावा उरत नाही. २०,९७,१५२ म्हणजे २ चा २१वा घात ओलांडला की दोन शेजारच्या आकड्यांमधलं अंतर थेट ०.२५ मीटर होतं. म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत कोणताही कोपरा २५ सेंटिमीटरच्या पायऱ्यांवरच बसू शकतो. तुमची १५ सेंटिमीटरची भिंत एक तर शून्य जाडीची होते, नाहीतर २५ ची. पूर्व-पश्चिम दिशेतला आकडा लहान, पावणेतीन लाखांच्या घरातला, म्हणून तिथे पायरी ३ सेंटिमीटरची. परिणामी एकाच खोलीच्या दोन भिंती सरळ राहतात आणि दोन दातेरी होतात किंवा एकमेकींत विरघळतात. ही २ च्या २१व्या घाताची रेघ मुंबईत साधारण गिरगावच्या आसपास पडते. तिच्या दक्षिणेला पायरी साडेबारा सेंटिमीटरची. कुलाब्याची फाइल वांद्र्याच्या फाइलीपेक्षा थोडी बरी का वागते, याचं एक कारण हेही असू शकतं!

उपाय सोपा आहे. एक्स्पोर्ट करण्याआधी सगळे आकडे जवळच्या एखाद्या कोपऱ्यापासून मोजायचे, म्हणजे ते शेकड्यांत राहतात. पण एक्स्पोर्ट होऊन गेल्यावर हरवलेला बारकावा परत येत नाही. मग दुरुस्ती करणारा काय करतो? अंदाज.

दुरुस्ती म्हणजे निर्णय

इथून पुढचं महत्त्वाचं. फाइल आयात झाली, तपासणीचा प्रोग्राम चालवला, त्याने सांगितलं की मॉडेलमध्ये ३,००० उघड्या कडा आहेत. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये एक बटण असतं: भोकं बुजवा. ते दाबलं की संख्या शून्य होते आणि हिरवी खूण येते. फार समाधान वाटतं.

आता विचार करा, भिंत म्हणजे शून्य जाडीचा एक कागद असेल तर खिडकी काय असते? कागदातलं भोक. तिच्या कडेला एकच त्रिकोण चिकटलेला. फाटलेली शिवण काय असते? तेही कागदातलं भोक, तिच्याही कडेला एकच त्रिकोण. गणिताच्या नजरेत दोन्ही सारखेच. भिंतीला खरी जाडी दिलेली असेल तर हा घोळ होत नाही. मग पृष्ठभाग खिडकीच्या कडेने आत वळतो आणि ते भोक उरत नाही, बोगदा होतो. पण जाडी न दिलेल्या मॉडेलमध्ये ‘भोकं बुजवा’ हे बटण शिवणींसोबत खिडक्याही बुजवू शकतं. आकाराची मर्यादा घालता येते, अमुकपेक्षा मोठं भोक सोड म्हणून. पण बाथरूमची डक्टमध्ये उघडणारी खिडकी मुंबईत किती मोठी असते ते तुम्हाला माहीत आहे.

शहरभर पसरलेल्या मॉडेलसाठी एकेक भोक बघणं परवडत नाही, म्हणून दुसरी पद्धत वापरतात. तिला रॅपिंग म्हणतात, म्हणजे सगळ्यावर एक घट्ट कापड गुंडाळायचं. सीजीएएल नावाच्या खुल्या भूमिती लायब्ररीत २०२२ पासून याची ‘अल्फा रॅप’ ही पद्धत आहे आणि ती फार सुंदर आहे. कल्पना करा, गल्ली क्रिकेटचा चेंडू बाहेरून सगळीकडे आत घुसवायचा प्रयत्न करतोय. चेंडू जिथे जाईल ती हवा, जिथे जाणार नाही ते बंद. आत कितीही कचरा असो, उशी, सोफा, दुहेरी भिंती, बाहेरून एक वॉटरटाइट पृष्ठभाग मिळतो. पद्धत चुकत नाही आणि कुरकुरही करत नाही.

फक्त चेंडू किती मोठा घ्यायचा, ते तुम्ही ठरवायचं. मोठा घेतला तर काम झटपट होतं आणि मेश हलकी बनते. पण ३ मीटरच्या गल्लीत ५ मीटरचा चेंडू शिरत नाही. दोन इमारती, मधली गल्ली आणि तिच्यात उघडणाऱ्या सगळ्या खिडक्या मिळून एक भला मोठा ठोकळा होतो. वारा त्या ठोकळ्याला वळसा घालून सुंदर वाहतो. चित्रात कोंडलेली जागा दिसत नाही, कारण ती जागाच उरलेली नाही. सगळ्यात वाईट हवा जिथे असणार, नेमकी तीच जागा दुरुस्तीत आधी जाते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सगळ्यात गंभीर गोष्ट आहे, आणि यात कुणी खोटेपणा करण्याचीही गरज नाही. डेडलाइन पुरेशी आहे.

आजूबाजूच्या इमारतींचं काय? त्या सोडून देता येत नाहीत. प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांनुसार सर्वात उंच इमारतीच्या उंचीच्या ५ पट मोकळी जागा वाऱ्याच्या बाजूला आणि १५ पट मागच्या बाजूला धरतात. ७० मीटरच्या टॉवरसाठी मागे १ किलोमीटरहून जास्त. कलानगरमधल्या टॉवरचं गणित करायचं तर शेजारच्या कित्येक इमारती मॉडेलमध्ये हव्यात. त्यांच्या कॅड फाइल्स कुणाकडून आणणार? मग खुला डेटा वापरतात. नेदरलँड्ससारख्या देशात सुमारे १ कोटी इमारतींची थ्रीडी मॉडेल्स ‘थ्रीडी बॅग’ नावाने मोफत मिळतात आणि डेल्फ्टच्या विद्यापीठाने ‘सिटी४सीएफडी’ हे खास अशा डेटातून प्रवाहाच्या गणितासाठी भूमिती बनवणारं साधनही काढलंय. आपल्याकडे पर्याय म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवरचे इमारतींचे आराखडे, ज्यांत उंची बऱ्याचदा नसते, किंवा गुगलचा ‘ओपन बिल्डिंग्ज’ हा संच. गुगलच्या २०२४ मध्ये आलेल्या आवृत्तीत इमारतींची उंचीसुद्धा आहे. उपग्रहाच्या फोटोंवरून ती काढलीय, आणि एवढ्या मोठ्या प्रदेशासाठी हे मोफत मिळणं ही मोठीच गोष्ट आहे. पण तिचं परिणामी रिझोल्यूशन आहे ४ मीटर. आपली गल्ली ३ मीटरची. बेहरामपाड्यातल्या किंवा रानवार, चिंबईच्या गावठाणातल्या बोळांची गोष्टच सोडा.

समजा, गल्ली वाचली. तरी मेशमध्ये तिचं काय होतं ते बघा. इमारतींच्या मधल्या जागेत किमान १० डबे असावेत, अशी युरोपातल्या तज्ज्ञांच्या गटाची २००७ ची शिफारस आहे. ३ मीटरसाठी डबा ३० सेंटिमीटरचा झाला. बऱ्याचदा वेळ वाचवायला २ मीटरचे डबे घेतात, म्हणजे गल्लीच्या रुंदीत दीड डबा. दीड डब्यात वाऱ्याचा भोवरा मावत नाही. पण २ मीटरवरून ३० सेंटिमीटरवर आलं की तेवढ्याच जागेत डबे जवळपास ३०० पट होतात, आणि सर्व्हरचं बिल त्याच्या मागोमाग. त्यामुळे सगळीकडे बारीक डबे कुणीच घेत नाही, जिथे हवे तिथेच घेतात. ‘जिथे हवे’ म्हणजे कुठे, हा पुन्हा माणसाचाच निर्णय.

डब्यांच्या आकाराचा आणखी एक चमत्कारिक परिणाम आहे. ओपनफोम हे खुलं सीएफडी सॉफ्टवेअर आणि त्यातला स्नॅपीहेक्समेश हा मेशिंगचा प्रोग्राम अशा कामात खूप वापरतात. भिंतीतली फट डब्यापेक्षा लहान असेल तर तो प्रोग्राम ती सहसा झाकून टाकतो, हवा गळत नाही. म्हणजे जाड्याभरड्या मेशवर मोडकी फाइल निरोगी दिसते. बारीक मेश घेतली की अचानक इमारतीच्या पोटात हवा भरते. नवशिक्याला वाटतं बारीक मेश बिघडली. बिघाड आधीपासूनच होता, फक्त आता दिसायला लागला.

खिडकी किती उघडते?

हा प्रश्न भूमितीचा वाटत नाही, पण आहे. मुंबईतल्या नव्या इमारतीत बहुतेक खिडक्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या. दोन काचांची सरकती खिडकी पूर्ण उघडली तरी अर्धीच उघडते. कॅडमध्ये ती दोन प्रकारे येते: काचेसकट, म्हणजे शंभर टक्के बंद, किंवा काच काढून टाकलेला चौकोन, म्हणजे शंभर टक्के उघडी. अर्धी उघडी अशी ती कुणीतरी मुद्दाम केल्याशिवाय येत नाही. खिडकीतून येणारी हवा उघड्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. दाब तोच धरला तर अर्ध्या खिडकीतून अर्धीच हवा. म्हणजे ‘स्वच्छ करताना काचा काढल्या’ या एका कृतीने खोलीतली हवा कागदावर दुप्पट होते. मग ग्रील, त्यावर मच्छरदाणीची जाळी, पावसाळ्यात बांधलेलं प्लास्टिक, ग्रीलमध्ये ठेवलेल्या कुंड्या आणि बादल्या. ते सगळं कुठल्याच मॉडेलमध्ये नसतं.

गंमत म्हणजे नियम लिहिणाऱ्यांना हे कळतं. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये काढलेली इको निवास संहिता खिडकीचं क्षेत्रफळ विचारत नाही, उघडणारं क्षेत्रफळ विचारते. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेसाठी ते कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के हवं. एसआरएच्या ३०० चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे २७.९ चौरस मीटरच्या घराला हे माप लावून पाहिलं तर बाहेर उघडणाऱ्या खिडक्या-दारं मिळून ४.६ चौरस मीटर प्रत्यक्ष उघडी जागा. ती सगळी दोन काचांच्या सरकत्या खिडक्यांनी द्यायची तर खिडक्या ९ चौरस मीटरच्या लागतील. आपल्या ओळखीतल्या एखाद्या एसआरए घरात टेप घेऊन मोजून बघा.

मग चित्र आलं की काय विचारायचं?

२०,००० चौरस मीटरहून जास्त बांधकामाच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते. त्या अर्जांचे कागद केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर येतात आणि ते फोनवरही उघडतात. पीडीएफ अवाढव्य असतात, वायफायवर डाउनलोड करा. आत वाऱ्याचा अभ्यास जोडलेला असेल तर शेवटच्या रंगीत पानाकडे धावू नका, आधीची कंटाळवाणी पानं बघा. मेशमधला सर्वात लहान डबा केवढा आहे? इमारतींच्या मधल्या जागेत किती डबे बसतात? शेजारच्या इमारती कोणत्या डेटातून घेतल्या? खिडक्या किती टक्के उघड्या धरल्या? दुरुस्तीत कितीपेक्षा लहान फटी आणि गल्ल्या बुजवल्या? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक अहवालांत नसतं. ते असायला हवं असं माझं ठाम मत आहे, आणि ते द्यायला काहीच खर्च येत नाही. रॅप करताना चेंडूचं माप टाईप केल्याशिवाय प्रोग्राम पुढे जातच नाही. तोच आकडा अहवालात लिहायचा. जमलं तर दुरुस्त केलेली एसटीएल फाइलही जोडायची. इमारतीचे नकाशे मंजुरीला जातात, मग गणित ज्या आकारावर केलं तो आकार का जाऊ नये?

यावर मला एक प्रामाणिक आक्षेप ऐकायला मिळतो. लहान आर्किटेक्ट आणि सल्लागार म्हणतात, एवढा बारकावा मागितला तर सिम्युलेशन परवडणारच नाही, मग लोक तेही करणं सोडतील. मुद्दा चुकीचा नाही. पण मी अख्ख्या प्रकल्पाचा ३० सेंटिमीटरचा मेश मागत नाहीये. सर्वात अरुंद गल्ली आणि तिच्यावर उघडणारे खालचे चार मजले, एवढंच बारीक करा आणि बाकी जाडंभरडं राहू द्या. गोवंडीच्या अभ्यासानंतर नजर कुठे ठेवायची हे आपल्याला माहीत आहे.

सॉफ्टवेअरचा खर्च हेही कारण राहिलेलं नाही. ओपनफोम मोफत आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प वर्षानुवर्षं त्याचा प्रसार करतोय आणि स्पोकन ट्यूटोरियलवर त्याचे धडे आहेत. इंजिनीअरिंगला असाल तर फ्रीकॅडमध्ये स्वतःच्या खोलीचं मॉडेल करा, भिंतींना जाडी द्या, एसटीएल काढा आणि ओपनफोममधली ‘सरफेसचेक’ ही आज्ञा त्यावर चालवा. उघड्या कडा किती, तुटक तुकडे किती, सुईसारखे बारीक त्रिकोण किती, सगळं ती सांगते. मग भिंतींची जाडी काढून टाका आणि तेच पुन्हा करा. दुसऱ्या यादीत तुमच्या खिडक्या ‘दोष’ म्हणून आलेल्या दिसतील.

आणि लॅपटॉप नसेल तरी एक तपासणी फोनवर होते. परिवेशवरच्या त्या रंगीत चित्रात दोन सर्वात जवळच्या इमारती शोधा. प्रकल्पाच्या नकाशात त्यांच्यामधलं अंतर लिहिलेलं असतं. शेजारची जुनी इमारत असेल तर गुगल मॅप्समध्ये बोट दाबून धरून ‘अंतर मोजा’ वापरा. मग चित्र झूम करा आणि बघा, त्या दोघींच्या मध्ये एक तरी बाण आहे का.